समोरच्या घरचा डबा

मी वकील आहे. बेलापूरच्या कोर्टात भाडेकरूंची भांडणं, न वटलेले चेक, घटस्फोट, पोटगी यांवर आमचं घर उभं राहिलं. पण आठवड्यातून दोन सकाळी मी एका लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवायला जाते, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी ऐट त्या दोन सकाळींची आहे. पहिल्याच तासाला मी मुलांना सांगते, की या देशात भाषणाचा, संघटना काढण्याचा, धंदा करण्याचा हक्क नागरिकाला आहे. पण जिवाचा हक्क माणसाला आहे. जो कोणी या जमिनीवर उभा आहे त्याला, मग त्याच्या खिशात कुठल्याही देशाचा पासपोर्ट असो. एवढं झालं की मी आवाज जरा खाली आणते. "आणि तो अतिरेकी असल्याचा संशय असेल तर?" वर्ग गप्प होतो. मी खडू खाली ठेवते आणि म्हणते, "तरीही." पहिल्या बाकावरच्या मुलींच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला आहे. त्या एका शब्दावर मी वर्षानुवर्षं भाव खाल्ला. हल्ली तो तास जवळ आला की मला ताप येतो.

आम्ही नेरूळला राहतो, सारसोळ्याच्या बाजूला. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, मध्ये चपला काढण्यापुरती जागा. समोरच्या फ्लॅटचे मालक पुण्यात असतात, त्यामुळे तिथे भाडेकरू येतात आणि जातात. काही वर्षांपूर्वी तिथे काबूलकडचं एक जोडपं आलं. तो पन्नाशीला टेकलेला, ती चाळिशीची, मूलबाळ नाही. तिकडच्या जुन्या सरकारच्या पोलीस खात्यात तो कारकून होता. सरकार पडलं आणि नव्यांनी त्याच्या धाकट्या भावाला घरातून नेलं, ते परत आणलंच नाही. मग हा बायकोला घेऊन निघाला. वाशीच्या बाजारात त्याच्या नात्यातल्या कुणाची तरी सुक्यामेव्याची पेढी होती, तिथे त्याला काम मिळालं. सोसायटीने महिन्याभरात त्यांचं बारसं करून टाकलं, 'अंजीरवाले'.

बाजारात त्याचा दिवसभर संबंध माथाडी कामगारांशी. ते बहुतेक सातारकडचे. त्यामुळे हा काबूलचा माणूस मराठी शिकला ती थेट साताऱ्याची. पहिल्यांदा लिफ्टपाशी भेटला तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "काय ताई, बरं हाय न्हवं?" मी बघतच राहिले. माझा नवरा कोरेगावचा. नोकरीपायी इकडे येऊन त्याची गावची भाषा विमा कंपनीच्या फायलींखाली दबून गेली होती. त्या दिवशी तो इतका हसला, की त्याला पायरीवर बसावं लागलं.

नवऱ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्याचा डावा कान गेलेला आहे. आमचं लग्न नवीन असताना एका संध्याकाळी तो ऑफिसातल्या मित्राबरोबर बसस्टॉपवर उभा होता, आणि थोड्या अंतरावर लावलेल्या एका गाडीत बॉम्ब फुटला. मित्र गेला. नवऱ्याचा कान गेला. आमच्याकडे त्या संध्याकाळबद्दल बोलत नाहीत, पण आमच्याकडे दिवाळीला फटाकेही आणत नाहीत. इतक्या वर्षांत आमचे नातेवाईकसुद्धा विसरून त्याच्या डाव्या बाजूला बसतात आणि मग ओरडून बोलतात. समोरचा माणूस मात्र दुसऱ्या भेटीपासून न सांगता उजव्या बाजूला बसायला लागला.

आणि त्याची बायको. तिला मी वहिनी म्हणायचे, ती मला ताई. ते राहायला आले त्या सुमारास नारळी पौर्णिमा होती. सारसोळ्यातल्या कोळीवाड्याची मिरवणूक आमच्या खालच्या रस्त्याने गेली, ती दोघं खिडकीत उभी राहून बघत होती. मी नारळीभात केला होता, तो डब्यात घालून समोर नेऊन दिला. डबा माझ्या सासूबाईंचा, जाड स्टीलचा. त्यांच्या वेळच्या रीतीप्रमाणे झाकणावर आमचं आडनाव आणि गाव कोरलेलं, कुठल्याही पंगतीत हरवला तरी घरी परत येईल असं. दुसऱ्या दिवशी तिने तो लख्ख धुऊन आणून दिला. मी झाकणावरचं आमचं नाव तिला दाखवलं, मग ते उघडून बघितलं आणि हसले. म्हटलं, "वहिनी, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची." तिचा चेहरा एवढासा झाला. ती डबा घेऊन परत गेली आणि जर्दाळू भरून आणला. तेव्हापासून तो डबा आमच्या दोन दारांत फिरत राहिला. इकडून थालीपीठ, तिकडून अक्रोड. इकडून अळूवडी, तिकडून त्यांची ती जाडजूड रोटी. सासूबाई असत्या तर आधी नाक मुरडलं असतं आणि मग अक्रोड संपवले असते.

हे सगळं सांगायला मला आवडतं. पुढचं सांगायला आवडत नाही.

एका सकाळी मी कोर्टात निघायच्या तयारीत होते. बाहेर गडबड ऐकू आली म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. साध्या कपड्यातली चार-पाच माणसं समोरच्या दारात होती. पायजमा आणि बनियनवर उभा असलेला तो, त्याच्या दंडाला धरलेलं. त्याने शर्ट घालायला मागितला, एकाने आतून आणून दिला. मी दार उघडलं नाही. वकील आहे मी. अटक करताना काय सांगावं लागतं, कुणाला कळवावं लागतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मी भिंगाला डोळा लावून उभी राहिले. जाताना एक अधिकारी वहिनीला हिंदीत म्हणाला, "अतिरेक्यांना पैसा पुरवल्याचा संशय आहे. दुपारी पंच घेऊन येतो. घरातली एकही वस्तू हलवायची नाही."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो डब्याचा. आदल्या दिवशी मी त्यात कोथिंबीरवड्या पाठवल्या होत्या. डबा तिकडे होता. झाकणावर आमचं आडनाव आणि गाव. दुपारी पंचनामा होईल, प्रत्येक वस्तू लिहिली जाईल, आणि अतिरेक्यांना पैसा पुरवण्याचा संशय असलेल्या माणसाच्या ओट्यावर आमच्या घराण्याचं नाव सापडेल. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, डब्याने काय होतंय! मीही दुसऱ्याला हेच म्हटलं असतं. पण लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला, तशी मी समोर गेले आणि बेल दाबली.

तिने दार उघडलं आणि माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी, पण चेहरा उजळला होता. वकील असलेली ताई आली होती. ती काहीतरी सांगायला लागली, अर्धं हिंदीत, अर्धं त्यांच्या भाषेत. मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, "वहिनी, आमचा डबा राहिलाय तुमच्याकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी दारातच उभी, आणि मनात घाई, की कोणी वर येऊ नये. ती डबा घेऊन आली, ओढणीने पुसत, माझ्या हातात दिला आणि दार हळूच लावलं. डबा जड लागला म्हणून घरी येऊन उघडला. आत मूठभर जर्दाळू होते. नवऱ्याला धरून नेल्यावर पंधरा मिनिटांत त्या बाईने, मी तिला शिकवलेली आमची रीत पाळली होती.

मी त्या दिवशी कोर्टात गेले नाही. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर लोकांच्या अकलेला धुमारे फुटले. कोणी लिहिलं, मला आधीपासून डाऊट होता. कोणी लिहिलं, त्यांच्या घरी खोकी यायची. सुक्यामेव्याचा धंदा करणाऱ्याकडे खोकी नाही तर काय यायला हवं होतं? एकाने तर कमाल केली: एवढी शुद्ध मराठी बोलतो म्हणजे ट्रेनिंगच दिलेलं असणार. सातारच्या मराठीला शुद्ध म्हणणारा हा पहिला मुंबईकर मी पाहिला. संध्याकाळी सेक्रेटरी दारात. "मॅडम, तुमी लॉयर आहात, तुमीच मालकाला नोटीस ड्राफ्ट करून द्या ना. फ्लॅट खाली करून घ्यायचा. आपल्याला टेन्शन नको." मी त्यांना अशी काही झाडली, की ते चपला हातात घेऊनच जिन्याने उतरले. पण मी रागावले होते ती त्यांच्यावर नव्हे. ते बिचारे नोटीसच मागत होते. मी तर डबा मागितला होता.

दुसऱ्या दिवशी मी समोर जाऊन वहिनीची, तिच्या नवऱ्याच्या वतीने, वकीलपत्रावर सही घेतली. तत्त्वापायी घेतली असं मी नंतर पुष्कळांना भासवलं. लाजेपायी घेतली.

प्रकरण समजून घेतलं तेव्हा कळलं, की त्याच्यावर गुन्हा नोंदवलेलाच नव्हता. पेढीवरून तिकडे पाठवलेल्या पैशांतले काही पैसे नको त्या माणसांपर्यंत गेले असावेत आणि हा त्यातला दुवा असावा, असा संशय होता. सिद्ध करण्याइतका पुरावा हातात नव्हता, म्हणून खटला नाही. खटला नाही, म्हणून देशाबाहेर. नोटीस काढायची, विमानात बसवायचं, हात झटकून मोकळं व्हायचं. आणि तिकडे ज्यांनी भावाला नेलं होतं, ते याची वाट पाहत असणारच. म्हणजे इथे ज्याला शिक्षा देण्याइतका पुरावा नव्हता, त्याला मरायला पाठवायला संशय पुरत होता. हायकोर्टात अर्ज करावा लागणार होता.

घरी त्यावरून भांडण झालं. नवरा रागावला की त्याच्या बोलण्यात गाव येतं. तो म्हणाला, "तुला खात्री हाय का, त्यानं काय केलं न्हाई म्हणून?"

"नाही."

"मग?"

"खात्री लागत नाही त्याला. तो कोणीही असला तरी मरणाच्या तोंडी देता येत नाही, असा कायदा आहे."

"आन् उद्या त्याला सोडला आन् कुठं काय फुटलं तर? त्या पोराच्या आईला काय सांगशील, असा कायदा हाय?"

त्या पोराची आई म्हणजे त्याच्या गेलेल्या मित्राची आई. ती आता नाही, पण तो दरवर्षी तिच्याकडे जायचा. वर्गात या प्रश्नाला मी छान उत्तर देते. मी म्हटलं, "त्याला सोडा असं मी म्हणणारच नाहीये. पाठवू नका एवढंच म्हणणार आहे." तो म्हणाला, "कर जा." मग थोड्या वेळाने, दुसऱ्या खोलीतून, "चांगलं कर, करणार असशील तर."

मी चांगलं केलं. आयुष्यात कधी इतकी चांगली बोलले नव्हते. न्यायमूर्तींनी विचारलं, तो निर्दोष आहे असं तुमचं म्हणणं आहे का? मी म्हटलं, माझं तेवढंही म्हणणं नाही. दोषी असेल तर इथे खटला चालवा, इथल्या तुरुंगात ठेवा. पण जिथे त्याला जिवंत ठेवणार नाहीत तिथे सोपवू नका. सरकारी वकिलांनी एक बंद पाकीट पुढे केलं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असल्यामुळे ते फक्त न्यायमूर्तींनी वाचायचं होतं. त्यांनी वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, परत बंद केलं. त्यात काय होतं मला आजही माहीत नाही. त्याला स्वतःलाही नाही. हुकूम असा झाला, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला देशाबाहेर पाठवू नये. तोवर मात्र त्याला आहे तिथेच ताब्यात ठेवावं.

बाहेर आल्यावर ओळखीच्या दोन-तीन वकिलांनी पाठ थोपटली. मी फुगले होते. येताना वहिनीसाठी पेढे घेतले, ते मुद्दाम त्याच डब्यात काढले आणि समोर गेले. तिने दारात ऐकून घेतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग आतून एक ताटली आणली, पेढे ताटलीत काढून घेतले, आणि डबा तिथल्या तिथे माझ्या हातात परत दिला. त्यात एक अंजीर ठेवायला विसरली नाही.

पुढे दर वेळी असंच झालं. मी काही नेलं की ती दारातच उभी राहून आपल्या भांड्यात काढून घ्यायची आणि डबा लगेच परत. उंबरठ्याच्या आत त्याला तिने पुन्हा नेलं नाही. एकदा मी म्हटलं, "राहू दे की वहिनी, उद्या द्या." ती म्हणाली, "तुमचं नाव आहे ना ताई त्याच्यावर." आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. तिला खरंच वाटत होतं, की ही काळजी तिनेच घ्यायची.

तारखा पडत राहिल्या. कधी सरकारी वकील बाहेरगावी, कधी बेंच बदललेलं, कधी नुसतीच पुढची तारीख. तो ताब्यात होता तिथे मी भेटायला जायचे. परदेशी माणसांना परत पाठवेपर्यंत ठेवायची जागा होती ती. तुरुंग नाही, असं तिथले लोक आवर्जून सांगायचे. तुरुंगात माणसाला आपली मुदत माहीत असते. याला काहीच माहीत नव्हतं. सोडणार नाहीत, पाठवणार नाहीत, खटलाही नाही. हा माझा विजय होता. तो वाळत गेला, दाढी पांढरी झाली. आधी हुकमाची तारीफ करायचा, नंतर माझ्या प्रकृतीची चौकशी करायचा, नंतर गप्प बसून राहायला लागला.

एका दुपारी मी त्याला पुढच्या तारखेचं समजावत होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, येक विचारू?"

"विचारा."

"तुमास्नी काय वाटतं? मी हाय का तसा?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला शिपाई मोबाइल बघत होता. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या हातचे अक्रोड मी खाल्ले होते. तो नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसायचा. आणि ते पाकीट वाचून न्यायमूर्तींनी एकमेकांकडे पाहिलं होतं. मला खरंच माहीत नव्हतं. काही दिवस वाटायचं, शक्यच नाही; काही दिवस त्या खोक्यांचा विचार करत मी जागी राहायचे. यातलं काहीही मी बोलू शकले असते. मी म्हटलं, "मला काय वाटतं याला महत्त्व नाही. तुम्ही तसे असा किंवा नसा, तुम्हाला तिकडे पाठवता येणार नाही, हाच तर आपला मुद्दा आहे."

हा मुद्दा बरोबर आहे. आजही कोणी परीक्षेत लिहिला तर मी पूर्ण मार्क देईन. त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला. मग छातीवर हात ठेवून, "लई केलंत."

चार-पाच दिवसांनी मला कळलं, की त्याने अर्ज मागे घ्यायचं लिहून दिलं. स्वखुशीने परत जात आहे. मी धावत गेले, बोलले, रागावले. तिथे काय होणार ठाऊक आहे ना, असं दरडावून विचारलं. तो शांत होता. म्हणाला, "हितं रोज सकाळी वाटतं, आज कायतरी कळंल. न्हाई कळत. तिथं उतरलो की कळंल." सही त्याची होती, शुद्धीवर होता, कोणी जबरदस्ती केल्याचं तो म्हणत नव्हता. कोर्टाने दोनदा विचारून खात्री केली आणि अर्ज निकाली काढला. कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणीही पाठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं, तो बाकावरचा प्रश्नही. त्याने घास खाली ठेवला. "मग काय सांगितलंस तू?"

मी सांगितलं.

त्याने हात ताटातच झटकला. मग म्हणाला, "मी सांगितलं असतं तोंडावर. व्हय, येतो मला तुझा संशय. तुझ्यापायी डोळ्याला डोळा लागत न्हाई. तरीबी जाऊ नगंस. आमच्यातच ऱ्हा, हितंच काय ते होऊ दे." मग तो माझ्याकडे वळला. "एवढं बोलता ईना तुला? माणसानं विचारलं होतं की गं."

मी ज्या शब्दावर वर्गात थांबायचे, तो शब्द माझ्या नवऱ्याने भाताच्या ताटावर बसून उच्चारला. त्याच्यासाठी तो फुकटचा नव्हता. त्याला त्याची किंमत ठाऊक होती, कानापासून. मला इतकी लाज वाटली, की मी उठून बेसिनपाशी गेले आणि उगाच हात धूत राहिले.

"उद्या जाऊ," तो मागून म्हणाला. "मी सांगतो त्याला."

सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही पोचलो तेव्हा तिथला अधिकारी चहा घेत होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि कपातून मान वर न काढता म्हणाला, की कालच दुपारी नेलं, रात्रीच्या विमानाने गेला. अधिकारी नेमका नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसला होता. नवरा माझ्याकडे वळला. "काय म्हणाले?" अधिकाऱ्याने पुन्हा सांगितलं, त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. शेवटी मला त्याच्या उजव्या कानापाशी जाऊन मोठ्याने सांगावं लागलं, "गेला तो." तिथली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

परत येताना पाम बीच रोडवर खाडीकडून वारा येत होता, आणि मला हलकं वाटत होतं. हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मग बाकीचं लिहिण्यात काय अर्थ आहे? मला हलकं वाटलं. पाकिटात काय होतं याचा आता विचार करायला नको, सोसायटीला तोंड द्यायला नको, उद्या कुठे काही फुटलं तर ते माझ्या माथी नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली. नवरा मात्र गॅलरीत बसून होता.

उतरल्यावर त्याचा एक फोन वहिनीला आला. पोचलो, रांगेत उभा आहे, एवढंच बोलला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. ती रोज लावायची. मी दारातून जाता-येता ऐकायचे, फोन बंद असल्याचं एकाच ठरावीक सुरात सांगणारी ती बाई, आणि मग वहिनीचं पुन्हा बटणं दाबणं. शेवटी मालकाने फ्लॅट मागितला. दिल्लीत तिची मामेबहीण होती, तिकडे जायचं ठरलं.

जायच्या दिवशी मी दशम्या केल्या, प्रवासात टिकतात म्हणून. सासूबाईंच्या डब्यात भरल्या, वर लिंबाचं लोणचं ठेवलं आणि समोर नेल्या. घर रिकामं झालं होतं. दोन पेट्या, एक बोचकं, ओट्यावर एकच पातेलं. मी मनाशी ठरवून गेले होते. म्हटलं, "वहिनी, हा डबा आता तुमच्याकडेच ठेवा. परत करायचा नाही. कायमचा."

तिने डबा हातात घेतला, झाकणावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. तिला ती वाचता येत नव्हती. मग बोचक्यातून एक कापड काढलं, दशम्या मोजूनमापून त्यात बांधल्या, आणि डबा नळाखाली धरला.

"नको ताई," ती म्हणाली. "वाटेत कुणी विचारलं, हे नाव कुणाचं, तर तुम्हाला त्रास होईल."

तिने डबा पुसला, इकडेतिकडे पाहिलं, ओट्याखालचं फडताळ उघडलं, बंद केलं, पेट्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला, पहिल्या वेळी झाला होता तसाच.

"माफ करा हं," ती म्हणाली. "साखर पण सगळी बांधून टाकली. आज रिकामाच देते."

मी हात पुढे करून तो घेतला.